वैशाखात दिलेला स्वेटर

ताई,
नागपूरच्या महाल भागातलं आमचं दुमजली घर विकून दसऱ्याच्या सुमारास आम्ही दोघं बेस्याला एका फ्लॅट स्कीममध्ये, दोन बेडरूमच्या घरात राहायला जातोय. मी शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. गुडघ्यांना आता जिना झेपत नाही. भांडीकुंडी, फर्निचर देताना काही वाटलं नाही. गाडं अडलंय ते दोन लोखंडी पेट्यांपाशी. त्यांत मी पस्तीस वर्षांत विणलेले स्वेटर आहेत, मुलीचे स्मोकिंगचे (चुण्यांवर टाके घातलेले) फ्रॉक, मुलाची तान्ह्या पोळ्याची बंडी, माझ्या आईनं केलेला बाळंतविडा, सासूबाईंच्या दोन गोधड्या (एकीत एम्प्रेस मिलच्या कापडाचे तुकडे आहेत, मामंजी तिथेच कामाला होते) आणि माझी मापांची वही. मुलगी पुण्याला असते, ती म्हणते, "आई, माझ्याकडे जागा कुठाय?" सून म्हणते, "ठेवा ना आई, किती छान आहेत," पण नेत काहीच नाही. हे म्हणतात, भांडेवालीला देऊन टाक, दोन डबे तरी येतील. एप्रिलअखेर मन घट्ट करून मुलाचा बारावीतला मरून रंगाचा स्वेटर आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंना दिला. पंधरा दिवसांनी निरोप द्यायला त्यांच्या घरी गेले, तर तो दाराशी पायपुसणं म्हणून पडलेला. घरी येऊन रडले. तेव्हापासून पेट्या उघडल्या नाहीत. माझं चुकतंय का? हे सगळं द्यावं तरी कोणाला?
— एक वाचक, महाल

ताई,

पायपुसण्यापासूनच सुरुवात करते, कारण पेट्यांना कुलूप त्यानंच लावलंय.

स्वेटर तुम्ही दिलात एप्रिलअखेर. म्हणजे नागपुरात कुलरच्या टाकीत दिवसातून दोनदा पाणी भरायचे दिवस. त्या उन्हात लोकरीकडे नुसतं बघितलं तरी घाम फुटतो. बाईंचं घर तुम्ही पाहिलंय, मी नाही. पण एका खोलीत चार माणसं आणि वर टिनाचं छत असेल, तर पुढचे सात महिने तो स्वेटर त्यांनी ठेवायचा कुठे? बरं, माप कोणाचं, तर बारावीतल्या उंच मुलाचं. त्यांच्या घरात त्या अंगाचं कोणी आहे का, हे विचारलं होतं का तुम्ही? पत्रात तसं दिसलं नाही. आणि त्यांनी "नको" म्हणायचं तरी कसं? कामाच्या घरची बाई हौसेनं काही हातात ठेवते तेव्हा घेण्यावाचून इलाज नसतो.

तुमच्या मुलीनंही हेच सांगितलं की, जागा नाही. तिचं तुम्ही ऐकून घेतलंत. कामाच्या बाईंना ते तोंडानं म्हणायची सोय नव्हती, म्हणून ते तुम्हाला दाराशी दिसलं. लागायचं ते लागणारच, मी नाही म्हणत नाही. पण त्यात तुमच्या हाताचा अपमान नव्हता. तो स्वेटर आता परत मागू नका, विषयही काढू नका.

हाच स्वेटर पौषात दिला असता तर? २०१८ च्या डिसेंबरअखेर नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता, आठवतं ना? सकाळी दूध आणायला जाताना कानाला मफलर गुंडाळूनही बोटं बधिर होत होती. त्या आठवड्यात कोणी स्वेटरचं पायपुसणं केलं नसतं. तेव्हा माझं पहिलं सांगणं एवढंच, की स्वेटरांची पेटी आत्ता उघडूच नका. ती तशीच बेस्याला न्या, गॅलरीत ठेवा, वर गादी टाकून बसायला वापरा. दिवाळीत उघडा. घर बदलताना सगळं एकदाच निकालात निघालं पाहिजे असं आपण धरून चालतो आणि चुका होतात त्या याच घाईत. पॅकर्सवाल्याची तारीख ही स्वेटर द्यायची तारीख नव्हे.

दुसऱ्या पेटीचं मात्र आत्ता बघू.

आवरायला बसलं की आपण आठवणींप्रमाणे ढीग करतो. हा आईचा, हा बबडीच्या पहिल्या वाढदिवसाचा, हे यांच्या बदलीच्या वर्षातलं. त्या ढिगातून काही बाहेर निघत नाही, कारण प्रत्येक आठवण ठेवण्याच्याच लायकीची असते. तुम्ही शिवणाऱ्या-विणणाऱ्या आहात, तुमच्याकडे टेप असणारच. टेप घ्या, चटई टाका आणि मापाप्रमाणे ढीग करा. विकतच्या कपड्यात ढोबळ तीन-चार मापं असतात, कोणालाही थोडंफार चालून जातं. हातानं केलेला कपडा एका अंगासाठी बेतलेला असतो आणि ते अंग आता उरलेलं नाही. तेवीस इंच छातीचा तुमचा मुलगा आता पोट सावरत ऑफिसला जातो. त्याला त्या कपड्याचं काय? तेवीस इंच छातीचं दुसरं पोर शोधायचं, एवढंच काम आहे. "हे कोणाला द्यावं" पेक्षा "हे कोणाला बसेल" याचं उत्तर लवकर सापडतं.

तान्ह्या बाळाच्या मापाचं आधी काढा, कारण सगळ्यात लवकर खराब होतं ते हेच. यात माझे हात पोळलेले आहेत. माझ्या मावशीनं माझ्या मुलासाठी खणाची कुंची शिवली होती, कडेला गोटा, आतून जुन्या लुगड्याचं अस्तर. बारशाला एकदा घातली आणि "नातवंडांना होईल" म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी डब्यात, डबा माळ्यावर. बत्तीस वर्षांनी, नातीच्या बारशाच्या आदल्या संध्याकाळी डबा उघडला. घडीवर घडी तशीच होती, पण उलगडायला गेले तर प्रत्येक घडीच्या रेषेवर रेशीम चिरलं. जिथे सेफ्टी पिन राहिली होती तिथे गंजाचा तपकिरी डाग. अस्तराला कसरीनं खाल्लेली बारीक भोकं. सुनेच्या हातात ती कुंची द्यायची माझी हिंमत झाली नाही. मावशीनं एक दुपार आणि दीड वार खण घालवला, तो एका सकाळसाठी. चूक माझीच. रेशीम वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिलं की तिथेच तुटतं, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या आत ओल कोंडते. ज्या वर्षी भावजयीला मुलगी झाली त्याच वर्षी ती कुंची उचलून दिली असती, तर पाच-सहा बाळांच्या डोक्यावरून फिरून ती कामी आली असती.

म्हणून तुमच्या आईच्या बाळंतविड्यातली झबली, टोपडी, दुपटी यांना वाट बघायला लावू नका. आपल्याकडे बाळाला सुरुवातीला नवे कपडे घालत नाहीत, दुसऱ्या बाळाचे वापरून मऊ झालेले घालतात, हे तुम्हाला सांगायला नको. हल्लीच्या मुली सगळं ऑनलाइन मागवतात खऱ्या, पण धुऊन धुऊन मऊ पडलेलं मलमल हाताला लागलं की त्यांचाही चेहरा बदलतो. शाळेतल्या मैत्रिणींना नुसता फोन करा. कोणाच्या तरी सुनेचे दिवस भरत आलेले असतातच. कुंची असेल तर ती मात्र देऊ नका, बारशापुरती उसनी द्या. बारसं झालं की परत, मग पुढच्या बारशाला. उसनी वस्तू घरोघर फिरते आणि तिची माहितीही तिच्याबरोबर फिरते.

इथे एक सावधगिरी. पेटीत डांबराच्या गोळ्या असतील, तर ते कपडे तसेच बाळाला घालू देऊ नका. काही बाळांच्या रक्तात जन्मतः जी-६-पीडी नावाच्या एन्झाइमची कमतरता असते. त्या गोळ्यांच्या वासानं अशा बाळाच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ जोर करू शकते. कपडे दोनदा धुवा, चार-सहा दिवस हवेवर टाका. तरीही वास राहिला तर तान्ह्या बाळासाठी ते बाद. बटणं, पिना, जुनी नाडी काढून टाका. इलॅस्टिक ओढून बघा, इतक्या वर्षांत त्याचा जीव गेलेलाच असतो. ते बदलूनच द्या.

तान्ह्या पोळ्याच्या बंडीसाठी तर तुम्हाला जागाच चांगली मिळाली आहे. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी बैल घेऊन निघणारी पोरं प्रत्येक स्कीममध्ये असतात, आणि आदल्या रात्री त्यांच्या आया धोतर-बंडीसाठी सीताबर्डीत धावत असतात. यंदा पोळा तुम्ही महालातच कराल. गल्लीतल्या चार वर्षांच्या कोणाला तरी ती घाला, तुमच्यासमोर घाला, जिलबी खा. नाहीतर पुढच्या वर्षासाठी बेस्याला न्या. नव्या ठिकाणी ओळखी व्हायला मुलाच्या मापाची बंडी आणि एक लाकडी बैल पुरे असतो. महिला मंडळाची भिशी लावण्यापेक्षा हे बरं, असं माझं मत. भिशीवाल्या मैत्रिणी मला माफ करतील.

फ्रॉकचं फार अवघड नाही. स्मोकिंग ताणतं, त्यामुळे एकच फ्रॉक पोरीला दोन-दोन वर्षं येतो. मुलींच्या एखाद्या वसतिगृहाला द्यायचा विचार असेल तर आधी फोन करून विचारा, कोणत्या वयाच्या किती मुली आहेत, काय हवं आहे. न विचारता गाठोडी नेऊन टाकू नका. अशा ठिकाणी कपडे निवडून वेगळे करायचं काम किती पडतं, ते एकदा जाऊन बघितलं की आपली "दान" म्हणायची सवय जाते.

आता दिवाळीत उघडायची ती स्वेटरांची पेटी. तिथे मापाबरोबर आणखी एक गोष्ट तपासायची आहे, लोकर आहे की ॲक्रिलिक. आपण दोन्हीला लोकरच म्हणतो, दुकानदारही म्हणायचा. शिवणीच्या आतला एक धागा तोडा, चिमट्यात धरा, खाली स्टीलची ताटली ठेवून काडी लावा. खरी लोकर जळक्या केसासारखी वास मारते, काडी दूर केली की विझते आणि राख बोटात चुरगळते. ॲक्रिलिक वितळतं, त्याचा काळा, कडक मणी होतो. यात उच्च-नीच काही नाही. पण ॲक्रिलिकचा स्वेटर रोजच्या धुण्यात गेला तरी टिकतो, खरी लोकर गरम पाण्यात घासली की आटून बाहुलीच्या मापाची होते. ज्या घरी धुणं एकाच बादलीत होतं, त्या घरी ॲक्रिलिकचा द्या. खऱ्या लोकरीचा जिथे द्याल तिथे एकच वाक्य सांगा: गार पाण्यात, पिळायचा नाही, आडवा वाळवायचा. त्या स्वेटरचा इतिहास सांगत बसू नका. घेणाऱ्याला तो ओझं होतो. पुढे तो स्वेटर फाटला तर त्याला तुमच्यासमोर घालायची चोरी वाटेल.

मोठ्या मापाच्या स्वेटरांना नागपुरात गिऱ्हाईक कमी नाही. मेडिकल आणि मेयो या सरकारी दवाखान्यांच्या आवारात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री एकदा चक्कर मारा. गडचिरोली, गोंदिया, बालाघाट, छिंदवाड्याहून पेशंट घेऊन आलेले नातेवाईक व्हरांड्यात, झाडाखाली, सतरंजीवर निजलेले असतात. पेशंटला खाट मिळते, त्यांना नाही. घरून निघताना कोणी स्वेटर बांधून घेत नाही, कारण दोन दिवसांत परत येऊ असंच वाटलेलं असतं. तिथे रात्री जेवण वाटणारी मंडळी असतात, त्यांच्याबरोबर जा. किंवा यांना घेऊन स्वतः जा आणि थंडीनं कुडकुडणाऱ्या माणसाच्या अंगाचा अंदाज घेऊन "हा बसेल का बघा" म्हणा. तो घालेल आणि सकाळी गावाच्या एसटीत बसून निघून जाईल. तुमच्या स्वेटरचं पुढे काय झालं ते तुम्हाला दिसणार नाही. तुमच्या स्वभावाला, पत्रावरून सांगते, तेच बरं.

यांचं भांडेवालीबद्दलचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. ती निवडून घेते, दुरुस्त करते, विकते, आणि शेवटी कोणीतरी चार पैसे मोजून तो कपडा घेतं, म्हणजे अंगावर घालतंच. साड्या, चादरी, शर्ट तिला खुशाल द्या. हाताच्या विणीला तिच्या हिशेबात किंमत नसते, म्हणून तेवढे देऊ नका. आणि जरीचं जुनं पातळ असेल तर डब्याच्या मोहात पडण्याआधी इतवारीत दोन दुकानी दाखवा. जुनी जर चांदीच्या तारेची असू शकते, ते लोक वजनावर घेतात.

यांनाही एक काम लावा. तुम्ही विणलेला एखादा हाफ स्वेटर यंदा हिवाळाभर त्यांनी घालायचा. ढगळ होत असेल तर होऊ द्या, आत शर्ट जाड घालतील. माझ्या थोरल्या दिरांचा असाच एक स्वेटर आमच्या नाटकवेड्या भाच्यानं राज्य नाट्य स्पर्धेच्या वेळी मास्तरांच्या भूमिकेसाठी नेला. दीर पहिल्या रांगेत बसले होते. स्वेटरची एन्ट्री झाली तशी त्यांनीच टाळी वाजवली.

गोधड्या देऊ नका. पेटीतही ठेवू नका. कुलरच्या हवेत पहाटे पाचला पाय गार पडतात तेव्हा अंगावर ओढायला त्याच हव्यात, दिवाणाच्या पायथ्याशी कायम पडू द्या. फक्त मशीनमध्ये घालू नका, भिजल्यावर वजनानं धावदोरा तुटतो. एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली आणि २००२ मध्ये कायमची बंद पडली. तिच्या जागेवर मॉल झाला. तुमच्या मामंजींच्या मिलचं कापड आता तुमच्या गोधडीतच पाहायला मिळायचं. एका कोपऱ्याला मागून मांजरपाटाचा तुकडा लावा आणि त्यावर साखळी टाक्यानं सासूबाईंचं नाव आणि ते कापड कुठलं ते घाला. अर्ध्या तासाचं काम आहे.

जाता जाता, "सगळ्या जुन्या कपड्यांची एक गोधडी करून घ्या" असा सल्ला तुम्हाला पाच जणींनी तरी दिला असेल. मला तो पटत नाही. धडके कपडे कापून गोधडी करणं म्हणजे घालता येण्यासारखं न घालता येण्यासारखं करणं. फाटलेलं, डाग पडलेलं असेल ते जरूर घ्या, पण सुती सुतीबरोबरच. मलमलीशेजारी टेरिकॉट लावलं की दोन वर्षांत ते मलमलीला फाडतं.

राहिली मुलं. कुरिअरनं काही पाठवू नका, फोटो टाकून "यातलं काय हवं" असंही विचारू नका. फोनवर फोटो बघून माणूस नाहीच म्हणतो. दिवाळीत सगळे येतील तेव्हा पेटी हॉलमध्ये उघडी राहू द्या आणि तुम्ही चकल्या तळायला आत जा. सून खरंच "छान आहेत" म्हणत होती की तुमचं मन राखत होती, ते बाहेरच्या आवाजावरून कळेल. दोघींनी एकेक उचललं तर आनंद, नाही उचललं तर मेडिकलचा रस्ता आहेच. "माझ्या मागे तुम्हालाच" हे वाक्य त्या दिवशी घरात निघता कामा नये.

आणि एक गोष्ट पत्रात तुम्ही सगळ्यात शेवटी, "आणि" लावून लिहिली आहे. मापांची वही. मी पत्र तिथे दोनदा वाचलं. माझ्याही आईची अशी एक आहे, शाळेची, एकेरी रेघांची. एका पानावर माझं नाव, खाली: वय ५, छाती २३, बाही ११, दहा नंबरच्या सुया, पाठीला ९२ टाके. पुढच्या ओळीत वय ६, छाती २४, बाही १२. समासात पेन्सिलनं लिहिलंय, "डावा खांदा थोडा खाली." माझा डावा खांदा थोडा खाली आहे हे मला ती वही वाचेपर्यंत माहीत नव्हतं.

तुमच्या मुलीकडे पेटीला जागा नाही, पण वहीला असेल. तिच्या हातात द्या आणि तिचं पान उघडून द्या. तोवर ती पॅकर्सच्या खोक्यात जाऊ देऊ नका. सामान हलवायच्या दिवशी तुमच्या पर्समध्ये ठेवा, किल्ल्यांबरोबर.